कोविडमधल्या बेकारभत्त्याचं बिल आपल्याकडे कोणी भरलं?

तुमचा प्रश्न असा की, कोविडमध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांनी अमेरिकेत राज्यांचे फंड रिकामे केले, मग चाकण-भोसरीत, म्हणजे पुण्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, एवढी माणसं घरी बसूनही इथे तसं काही ऐकू का आलं नाही. पंचवीस वर्षं भोसरीत कारखान्यांची ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि पीएफची चलनं भरतोय, म्हणून सांगतो. खिडकीच नसेल तर रांग कुठून दिसणार?

तिकडे मार्च २०२० अखेरीस एका आठवड्यात ५० लाखांवर नवे अर्ज आले. भत्ता जातो मालकांवरच्या करातून साठवलेल्या फंडातून. तो आटला की राज्य तिथल्या केंद्र सरकारकडून उसनं घेतं. एकट्या कॅलिफोर्नियाचं हे कर्ज २० अब्ज डॉलरच्या आसपास गेलं.

आपल्याकडे जी काय छोटी खिडकी आहे ती म्हणजे ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ऑगस्ट २०२० मध्ये भत्ता सरासरी कमाईच्या २५ वरून ५० टक्के केला, ९० दिवसांपर्यंत. म्हणजे १४ हजार पगाराला एकूण २१ हजार. पण हे पैसे बजेटमधले नव्हेतच. पगारावर कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के ईएसआयत जमा होतात, त्यातलेच.

आमच्याकडे एक फिटर आला होता, कंत्राटदाराने मे महिन्यात ब्रेक दिलेला, म्हणजे कामावरून कमी केलेला. आधारवर आडनावाचं एक अक्षर वेगळं, त्यात तीन आठवडे गेले. मग पोर्टलवर पाहिलं तर आधीच्या सहामाहीत ईएसआयची वर्गणी भरलेले दिवस ६१. नियमाने ७८ लागतात. पगाराच्या स्लिपवर कपात मात्र दर महिन्याला! शेवटी त्याने पीएफमधून उचल घेतली, म्हणजे स्वतःचेच पैसे.

मग बजेट फाटलं कुठे? गावी परतलेल्यांनी रोजगार हमीचं काम मागितलं, तिथे. केंद्राची ६१,५०० कोटींची तरतूद मे २०२० मध्येच आणखी ४०,००० कोटींनी वाढवावी लागली. त्याहून मोठं भगदाड जमेच्या बाजूला, म्हणजे सरकारच्या उत्पन्नात पडलं. ४ मे २०२० ला राज्याने विकासखर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि आरोग्य सोडून नवी भरती बंद केली (सदाशिव पेठेत अभ्यासिकांमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठी बसलेल्या पोरांना विचारा). केंद्राची त्या वर्षीची वित्तीय तूट, म्हणजे खर्च भागवायला काढावं लागणारं कर्ज, जीडीपीच्या ३.५ टक्के धरली होती, ती ९.२ वर गेली.

आणि हो, पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापतात ना, तो १९७५ साली रोजगार हमीसाठीच आणलेला. तो फिटर वर्षाला अडीच हजार भरत होता. हमीचं काम हवं असतं तर त्याला भोसरी सोडून गावी जावं लागलं असतं.