पृथ्वीचं चुंबकत्व गेलं तर आपली हवा मंगळासारखी उडून जाईल का?

नाही, लवकर तर अजिबातच नाही, कारण हवा धरून ठेवायचं मुख्य काम गुरुत्वाकर्षणाचं आहे. मी यवतमाळकडं हायस्कूलला विज्ञान शिकवतो, पोरं दरवर्षी हेच विचारतात. शुक्राकडे पाहा ना, त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाहीच तरी तिथं हवेचा दाब आपल्यापेक्षा जवळपास 90 पट, अन् मंगळाचं क्षेत्र सुमारे 4 अब्ज वर्षांआधी बंद पडलं, पण तो वजनानंच पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाएवढा, त्याच्यानं हवा धरल्या गेली नाही, सौर वारा (सूर्याकडून सतत सुटणारे विद्युतभारित कण) उरलीसुरली अजूनही नेते, हे मावेन यानानं 2014 पासून तिथं फिरून मोजलं. आपल्याकडं साधारण 7 लाख 80 हजार वर्षांआधी चुंबकीय ध्रुव उलटले तेव्हा क्षेत्र बरंच कमजोर झालं होतं, हवा मात्र इथंच राहिली. क्षेत्र म्हणजे धुऱ्यावरचं तारेचं कुंपण समजा, रानडुक्कर अडते पण पाखरं जातातच, ध्रुवांकडून हायड्रोजन अन् ऑक्सिजन थोडा थोडा आजही निसटतो. फक्त एक, क्षेत्र बिनकामाचं आहे असं समजू नका, ते गेलं तर सॅटेलाइट अन् अंतराळवीरांना रेडिएशनचा मोठा धोका आहे, अन् ओझोनलाही झळ बसू शकते.