चार्टाच्या बाहेर ठरणारा भाव

सोलापूर

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा तू पेढीवर आलास, मोबाईलवर बिटकॉइनच्या भावाचा चार्ट माझ्यापुढे धरलास आणि म्हणालास, "काका, बघा की, एवढी पक्की सपोर्ट लाइन, भाव हिच्याखाली जायचा नाही असं धरलेलं, तरी तुटली कशी?" गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून नीट बोलता आलं नाही. रेषा तू बरोबर मारली होतीस. पण ज्यांनी विकलं ते तुझा चार्ट बघतच नव्हते.

५ ऑगस्ट २०२४ आठव. पहिला श्रावणी सोमवार, मी सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघालेलो आणि बिटकॉइन ५० हजार डॉलरच्या खाली. बिटकॉइनमध्ये त्या दिवशी काही बिघडलं नव्हतं. ३१ जुलैला जपानच्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर पाव टक्क्यावर नेला होता. पाव टक्का! आपली पतसंस्था हसेल त्या दराला. पण तिथून जवळजवळ फुकटात पैसा उचलून लोकांनी जगभर लावला होता. येन, म्हणजे जपानचं चलन, महागला तसं त्यांचं देणं फुगलं, त्यातच शुक्रवारी अमेरिकेतल्या नोकऱ्यांचे आकडे कच्चे आले, आणि मिळेल ते विकून पैसा मोकळा करायची पळापळ झाली. निक्केई, जपानचा शेअर निर्देशांक, एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त पडला.

बिटकॉइनच का विकलं, हे समजायला आपला सुताचा धंदा पुरे. उधारी नव्वद दिवसांची असते तेव्हा कारखानदार नवनवी डिझाइनं घालतो, कोण घेणार ठाऊक नसलेल्या चादरीसुद्धा काढून ठेवतो. तीच उधारी तीस दिवसांवर आली की तो गोदामात जाऊन आधी काय काढतो? पडून राहिलेली चादर नव्हे, तिला गिऱ्हाईकच नसतं. तो टॉवेलचे गठ्ठे काढतो, नगामागे दोन रुपये कमी घेऊन, कारण ते हातोहात जातात. बिटकॉइन म्हणजे तो टॉवेल. रविवारी विकतो, रात्री तीनलाही विकतो. मार्च २०२० मध्ये तर सोनंसुद्धा पडलं होतं, लोकांना रोकड हवी होती म्हणून. आणि तुझी ती बारकी क्रिप्टो नाणी, ज्यांची नावं मला धड उच्चारता येत नाहीत, त्या गोदामातल्या चादरी आहेत. पैसा सैल असतो तोवर त्यांना तेजी. आवळला की भाव दिसतो, घेणारा दिसत नाही.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. १० नोव्हेंबर २०२१. दिवाळी नुकतीच झालेली, हातात थोडे पैसे. संध्याकाळी अमेरिकेचा महागाईचा आकडा आला, ६.२ टक्के. मी म्हटलं, महागाई वाढली म्हणजे सोन्यासारखं हेही चढणार. बिटकॉइनची नाणी २ कोटी १० लाखांच्या वर निघायची नाहीत, सरकारला छापता येत नाहीत. ६९ हजार डॉलरच्या आसपास घेतलं. तो त्या तेजीचा माथा निघाला. माझं चुकलं कुठे? मी महागाई बघितली, महागाईवर फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, काय करणार ते बघितलं नाही. मार्च २०२२ पासून त्यांनी दर चढवायला घेतले, शून्याजवळून पुढच्या वर्षाच्या जुलैपर्यंत साडेपाच टक्क्यांपाशी. नोव्हेंबर २०२२ मध्ये, क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचं एक मोठं एक्स्चेंजही बुडाल्यावर, बिटकॉइन १६ हजारांवर होतं. तुझ्या काकूला खरा आकडा मी अजून सांगितलेला नाही.

आणि आकडा चांगला की वाईट यापेक्षा लोकांनी काय धरून ठेवलं होतं ते बघत जा. डिसेंबर २०२४ मध्ये फेडनं दर पाव टक्का कमी केला, तरी भाव पडला. पुढच्या वर्षी चार कपाती होतील असं सप्टेंबरात दाखवलं होतं, या वेळी दोनच दाखवल्या, म्हणून.

वेळा पाठ कर. अमेरिकेचा महागाईचा आकडा उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी ६ ला येतो, हिवाळ्यात ७ ला. फेडचा निर्णय वर्षातून आठ वेळा, रात्री ११.३० ला, हिवाळ्यात १२.३० ला, आणि अध्यक्षांची पत्रकार परिषद त्यानंतर अर्ध्या तासानं. मी जागून बघितलंय: पहिल्या पाच मिनिटांत चार्टवर लांबलचक हिरवी कँडल, म्हणजे भाव वर, परिषद सुरू होऊन दोन प्रश्न होतात न होतात तोच लाल, आणि वर-खाली दोन्हीकडचे स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला आधी लावून ठेवलेल्या ऑर्डरी, साफ. दहापट लेव्हरेज, म्हणजे स्वतःच्या पैशाच्या दहापट सौदा, घेतलेला माणूस अशा रात्री बरोबर ठरूनही संपतो, कारण दहा टक्के उलटं जायच्या आतच त्याची पोझिशन कापली जाते. त्या तासाभरात सौदा करू नकोस. तुला लेव्हरेज किती आहे हे तू बोलला नाहीस, मीही गिऱ्हाइकासमोर विचारलं नाही.

रुपयाचं थोडक्यात. भाव डॉलरमध्ये, आपण रुपयात. माझ्या त्या वर्षभरात डॉलर ७४ च्या आसपासून ८१-८२ वर गेला, म्हणून माझा तोटा रुपयात जरा कमी दिसला. तेवढंच समाधान.

कराचं मात्र लांबण लावणार आहे, कारण तुमच्या ग्रुपवर त्याबद्दल कोणी बोलत नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के सेस, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. एकात लाख कमावलेस, दुसऱ्यात ऐंशी हजार घालवलेस, तर हातात उरले वीस हजार. कर मात्र ३१,२००. म्हणजे जिंकून अकरा हजार दोनशेनं खाली. शिवाय विकताना १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर. पन्नास हजारांचं भांडवल महिन्यात वीसदा विकलंस की विक्री दहा लाखांची झाली आणि दहा हजार अडकले, रिटर्न भरून हिशेब होईपर्यंत. घडीघडीला घेणं-विकणं आपल्याकडे परवडत नाही ते यामुळे, मग जगात तेजी असो की मंदी.

रविवारी सकाळी घरी ये. मागच्या तीन महिन्यांचे सौदे वहीत उतरवून आण, आणि प्रत्येकापुढे त्या दिवशी अमेरिकेत कुठला आकडा आला होता तेही लिही. लेव्हरेजवर सौदे करायचं ते फ्युचर्सचं खातं अजून चालू असेल तर आधी ते सांग. आणि वडिलांच्या टॉवेलच्या बिलातले पैसे त्यात गेलेत का, तेही. रागावणार नाही.

तुझा,
काका