फॉर्च्युनर गिअरचीच घ्या, पण कोटेशनवाली नको

नमस्कार. तुमचं पत्र लांब आणि आकड्यांनिशी आहे, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही निफाड तालुक्यातले. ९ एकर द्राक्षबाग, जोडीला कृषी सेवा केंद्र. दुकानातून वर्षाला साधारण ९ लाख सुटतात. बाग चांगली आली तर खर्च वजा जाता २० लाख, वाईट वर्षी जेमतेम घातलेले पैसे निघतात. बँकेत १२ लाखांची ठेव आहे, ती बागेवर प्लास्टिक आच्छादन टाकण्यासाठी जमवलेली. ट्रॅक्टरचे हप्ते चालू आहेत. मनात आहे ती टोयोटा फॉर्च्युनर, डिझेल, टू व्हील ड्राइव्ह, गिअरची. शोरूमवाला म्हणतो ऑटोमॅटिक घ्या, मित्र म्हणतो कंपनी काढून कंपनीच्या नावावर घ्या, भाच्याने २०१९ ची एक गिअरची फॉर्च्युनर २१ लाखांना दाखवली आहे, आणि वहिनींचं म्हणणं, आधी आच्छादन.

गिअरचा प्रश्न आधी उरकतो, कारण तो वाटतो तेवढा मोठा नाही. तुमच्या कोटेशनांत दोन्हींमध्ये सव्वादोन लाखांचा फरक आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला व्यक्तीच्या नावावर १५ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणून हा फरक रस्त्यावर येईपर्यंत २ लाख ५९ हजारांचा होतो. सात वर्षांच्या कर्जात घातलात तर व्याजासह साडेतीन लाखांच्या घरात. बदल्यात काय मिळतं? कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, आहे, मॅन्युअलमध्ये ४२०. ताकद दोन्हींत २०४ पीएस. पिंपळगावहून नाशिकला जायला ४२० पुरून उरतो. शहरात विकायला गेलात तर ऑटोमॅटिकला गिऱ्हाईक जास्त, हे खरं. पण तुमच्याकडे गिअरची गाडी पडून राहत नाही. फॉर्च्युनरचीच वरची आवृत्ती लिजेंडर, तीसुद्धा २०२१ मध्ये आली तेव्हा फक्त ऑटोमॅटिक होती, २०२५ मध्ये कंपनीने तिची फोर बाय फोर मॅन्युअल आणलीच. मागणी नसती तर ही उठाठेव कोण करतं?

एकच गोष्ट मला खटकते. वहिनींना गाडी शिकायची आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्या खरोखर चालवणार असतील, तर दोन टनांच्या वरची, जड क्लचची गाडी पहिली गाडी म्हणून त्यांना नकोशी होईल. मग चाळीस लाखांची गाडी घरात एकच माणूस चालवणार. त्यांना एकदा टेस्ट ड्राइव्हला बसवा, स्टिअरिंगवर. मग ठरवा.

आता कोटेशन. शोरूम किंमत साडेचौतीस लाख. रोड टॅक्स ५,१७,५००. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमने तुमच्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, ३४,५००. हे रिटर्न भरताना तुमच्या कराच्या हिशेबात वळते होतात, बुडत नाहीत. विमा १ लाख ४५ हजार. किरकोळ धरून साडेएकेचाळीस. यात तुम्ही ठेव मोडून साडेअकरा लाख भरणार आणि ३० लाखांचं कर्ज सव्वानऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेणार. हप्ता सुमारे ४८,६५०. सात वर्षांत व्याज पावणेअकरा लाखांच्या वर.

हप्ता तुम्हाला झेपतो असं तुम्ही म्हणता. बरोबर आहे, पण तो तुम्ही चांगल्या वर्षावर मोजलाय. वाईट वर्ष घ्या: ऐन मण्यांत पाणी भरताना अवकाळी आला, किंवा माल गेला आणि व्यापाऱ्याचा चेक परत आला. हे निफाडला मी नव्याने सांगायला नको. त्या वर्षी दुकानाचे ९ लाख येतील. घरखर्च तुमच्याच आकड्याप्रमाणे साडेपाच, ट्रॅक्टर १ लाख ९०, गाडीचे हप्ते ५ लाख ८४ हजार. सव्वातेरा लाख जाणार. सव्वाचार लाखांचा खड्डा, त्यात डिझेल, सर्व्हिसिंग आणि विमा अजून धरलेलाच नाही. आणि खड्डा भरायला जी ठेव होती, ती शोरूममध्ये जाऊन बसलेली.

मग काय होतं, हे माझ्याकडे येणाऱ्या बागायतदारांच्या कागदांत दिसतं. गाडीचा हप्ता चुकवत नाहीत, कारण गाडी दारातून उचलून नेतात ही भीती असते. पीककर्ज लांबवतात. पण वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सरकारी व्याजसवलतींमुळे प्रत्यक्षात व्याज पडत नाही. ते थकलं की सवलत गेली, पुढच्या हंगामाला नवं कर्ज अडलं, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा खर्च सुरू होतो तेव्हा हात उसनवारीकडे वळतो. सव्वानऊ टक्क्यांची गाडी अशी आतून बरीच महाग पडते. काही वित्तसंस्था शेतकऱ्यांना सहामाही हप्त्यांवर वाहनकर्ज देतात. माल विकल्यावर हप्ता येईल असं वेळापत्रक बसलं तर जरूर घ्या. पण त्याने महिने जुळतात, वाईट वर्ष चांगलं होत नाही.

मित्राच्या सल्ल्याबद्दल. कंपनीच्या नावावर गाडी घेतली की महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के. म्हणजे ६ लाख ९० हजार, तुमच्यापेक्षा १ लाख ७२,५०० जास्त, तेही पहिल्याच दिवशी. जीएसटी परत मिळेल ही आशाही सोडा. अशा प्रवासी गाडीवरचं इनपुट क्रेडिट कायद्याने बंद आहे, कंपनी असो वा दुकान. उरला घसारा, म्हणजे गाडीची दरवर्षी घटणारी किंमत नफ्यातून खर्च म्हणून वजा करणं. व्यवसायाच्या गाडीला वर्षाला १५ टक्के मिळतो, पण जितका वापर धंद्यासाठी तितकाच. तुमची गाडी निम्मी बागेची आणि घरची. शेतीच्या उत्पन्नावर करच नाही, म्हणून त्या निम्म्या खर्चाची वजावट घ्यायची कशातून? निम्म्या वापराचा घसारा पहिल्या वर्षी २ लाख ५९ हजार. द्राक्ष चांगली आली तर दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मिसळतात आणि दुकानाच्या नफ्यावर वरचा दर बसतो, तेव्हा या घसाऱ्याने पाऊण लाखाच्या आसपास वाचतील. वाईट वर्षी मात्र नव्या करप्रणालीत ९ लाखांवर तसाही कर शून्य. म्हणजे पैशाची खरी गरज असेल त्याच वर्षी ही करबचत तुमच्या उपयोगाची नाही. यासाठी कंपनी, तिचं ऑडिट आणि सीएची फी मागे लावून घेऊ नका.

टीसीएसमुळे ही खरेदी तुमच्या पॅनवर आयकर खात्याला दिसणारच आहे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, फक्त सातबारा, पीक नोंद आणि विक्रीच्या पट्ट्या फाइलला लावून ठेवा. रोखीचे व्यवहार पट्टीशिवाय झाले असतील, तर मात्र गाडीच्या आधी ते बघावं लागेल.

भाच्याची गाडी मला जास्त पटते. २०१९ ची म्हणजे जुनं १७७ पीएसचं २.८ लिटर इंजिन. गिअरच्या गाडीत टॉर्क तेव्हाही ४२० च होता, म्हणजे घाटात फार काही हरवत नाही. फॉर्च्युनरची किंमत लवकर पडत नाही, म्हणून जुनी घेताना घसघशीत सूट मिळेल अशी आशा धरू नका. पण पहिल्या मालकाने भरलेला रोड टॅक्स, जीएसटी आणि सुरुवातीची घसरण तुमच्या खिशातून जात नाही. २१ लाखांत घासाघीस होईलच, तरी टायर, क्लच, विमा, नावावर करणं धरून २२ मोजा. तुमची आत्ताची गाडी विकून ४ लाख, या हंगामाचे ८ लाख आणि १० लाखांचं कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त, बारा टक्के धरले तरी चार वर्षांना हप्ता २६,३३४ आणि एकूण व्याज २ लाख ६४ हजार. वाईट वर्षी इथेही दीड लाख कमी पडतील, डिझेल वेगळं. फरक इतकाच की १२ लाखांची ठेव जागेवर असेल. त्यातून आच्छादन सगळं एकदम न टाकता निम्म्या बागेवर टाका, बाकी राहू द्या. पावसाने वर्ष वाया जाण्याची भीतीच त्यामुळे कमी होते. वहिनींचा मुद्दा हिशेबात बसतो, तो असा.

हंगामाचे ८ लाख हातात पडल्याशिवाय बयाणा देऊ नका. सौदा मार्चमध्ये झाला नाही तर मेमध्ये दुसरी गाडी मिळेल. दिल्लीची स्वस्त गाडी कोणी दाखवली तर भुलू नका. तिकडे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे भाव पडलेले असतात, पण इथे आणून नोंदवताना वयानुसार महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो.

गाडी बघायला जाताना चार माणसं बसवून राहुड घाटात वर न्या. वरच्या गिअरला पाय दाबल्यावर इंजिनचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच संपलाय, तेवढे पैसे किमतीतून कापा. गाडीने ट्रॉली ओढली आहे का, हेही विचारा. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवण्याचा) हातात आल्यावरच शेवटचा चेक, आणि गाडी नावावर करण्याच्या २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या त्याच बैठकीत. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही, म्हणून प्रीमियमचा आकडा त्याच्या पॉलिसीवरून धरू नका. आणि टू व्हील ड्राइव्ह मागच्या चाकांवर चालते, हे भाच्याला सांगा: जुलैत काळ्या मातीच्या बांधावर ती घालायची नाही, तिथे ट्रॅक्टरच.