ऑपरेशननंतर ताई विसरायला लागली, मायक्रोआरएनए टेस्ट करू का?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या ताईचं (वय 46) वजन कमी करायचं स्लीव्हचं ऑपरेशन (जठर लहान करण्याचं) होऊन आठ महिने झाले, वजन मस्त उतरलं, शुगरपण कंट्रोलमध्ये आहे. पण हल्ली ती विसरते, चिडते, पाय बधिर होतात म्हणते. भावोजींना व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलंय की या ऑपरेशनने रक्तातले मायक्रोआरएनए बदलतात आणि अल्झायमर टळतो, त्याची टेस्टही मिळते. करून घ्यावी का? ती रोज बांगडे, तारले खाते, म्हणजे व्हिटॅमिनचा तर प्रश्न नसावा ना?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: टेस्टचे पैसे राहू द्या, आधी ताईंचं बी12 बघा, आणि याच आठवड्यात बघा.

मासे खाल्ले की बी12 मिळतं हे बरोबरच आहे, पण पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलं असं नाही ना. माशातलं बी12 सुटं करायला जठराचं आम्ल लागतं आणि ते आतड्यात शोषायला जठरातच बनणारं एक प्रोटीन लागतं, आणि स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढूनच टाकतात, त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर बी12 आणखी खाली जातं. लिव्हरमध्ये साठा असतो म्हणून सुरुवातीचे महिने काही कळत नाही, मग पाय बधिर, विसरणं, चिडचिड. ऑपरेशनआधीच कमी असेल तर लवकर कळतं. ऑपरेशननंतरच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या-इंजेक्शनं आयुष्यभर घ्यायची असतात, वजन उतरलं की लोक बिनधास्त बंद करतात.

उलट्या होत असतील तर मात्र थांबूच नका. थायमिनचा म्हणजे बी1चा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो, मग तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, गोंधळणं, असं काही दिसलं तर सरळ इमर्जन्सीत न्या आणि ऑपरेशन झालंय हे आधी सांगा, कारण थायमिन ग्लुकोजच्या सलाईनआधी द्यावं लागतं.

आता तो फॉरवर्ड. पूर्ण खोटा नाही, म्हणूनच फसवा. मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचे साधारण 22 अक्षरांचे तुकडे, जीनकडून आलेला निरोप ते अडवतात त्यामुळे प्रोटीन कमी बनतं, गॅसची नॉब बारीक करावी तसं. अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकुन या दोघांना ते 1993 मध्ये एका बारीक कृमीत सापडले, 2024 चं नोबेल त्यालाच मिळालं. हे तुकडे रक्तातूनही फिरतात, आणि गॅस्ट्रिक बायपासनंतर (हेही वजन कमी करायचंच ऑपरेशन, हृदयाचं नव्हे) चरबीच्या पेशींतून येणारे काही तुकडे बदलतात, त्यांतल्या काहींचा संबंध इन्शुलिनच्या कामाशी आहे हेही दिसलंय. ऑपरेशननंतर काहींची स्मरणशक्ती सुधारते हेसुद्धा खरं. पण यावरून 'अल्झायमर टळला' म्हणणं म्हणजे उगाच उडी मारणं झालं. शिवाय रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तरी हे आकडे बदलतात, त्यामुळे रिपोर्ट हातात आला तरी त्यावरून तुमचे डॉक्टर कुठलं औषध बदलणार?

बी12 बरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), फोलेट (बी9), थायरॉइड, व्हिटॅमिन डी करून घ्या. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका, डोस डॉक्टरांना विचारा. आणि हो, गोव्यात हे सांगायलाच हवं, ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते, हुर्राकच्या (काजूच्या दारूच्या) सीझनमध्ये 'एकच पेग' म्हणणाऱ्या पाहुण्यांना ताईंच्या वतीने तुम्हीच नाही म्हणा.