इंग्रजांच्या काळातली गोष्ट आणि इतकी हसरी कशी?

तुम्ही विचारलंय की ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा पहिला भारतीय सिनेमा कसा काढला त्यावरचा मराठी चित्रपट इंग्रजी अमलात घडतो, तरी त्यात इंग्रजांवर राग नाही, सगळं हसण्यावारी नेलंय. मग लोकांना तो आवडला कसा?

मी अमळनेरचा. २०१० साली आजीला घेऊन जळगावला पाहिला. सिनेमापायी फाळके घरातलं सामान विकू लागले तेव्हा आजी अंधारात मोठ्यानं म्हणाली, “हाऊ मानूस येडा शे का?” अख्खी रांग हसली. आमच्याकडे असा माणूस दर गावात असतो. दोन बोअर कोरडे गेले तरी बायकोचे डाग मोडून तिसरा घेणारा. माझे आजोबा त्यातलेच. त्यामुळे विनोद गुलामीवर नाही, घरादाराला सोबत ओढणाऱ्या या खुळावर आहे. दिग्दर्शक परेश मोकाशींनी फाळक्यांचा पुतळा केला नाही, हे मला फार आवडलं.

रागाचं म्हणाल, तर १९१२ साली फाळके लंडनला गेले तेव्हा ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकानं आधी त्यांना या धंद्यात पडू नका म्हटलं, आणि मग स्वतःच सेसिल हेपवर्थ या इंग्रज चित्रपटकाराच्या स्टुडिओत नेलं. तिथे खलनायक उभा केला असता तर ते खोटं झालं असतं. त्यांना अडवलं ते आपल्याच लोकांनी. सिनेमात काम करणं इतकं हलकं समजत की नटांना ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी आहे’ असं सांगायला लावलं. सिनेमाचं नाव तिथूनच आलं. तारामती व्हायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. (याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले!) आजीला याचं काहीच नवल वाटलं नाही, त्यांच्या गावच्या नाटकातली सीताही मिशी काढूनच यायची.

कौतुक भरपूर झालं. २००९ मध्ये ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेला, ‘श्वास’नंतरचा दुसरा मराठी चित्रपट. नामांकन मिळालं नाही, ते असो.

एक तक्रार मात्र मला पटते. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा थकवा त्यात फारच हलका झालाय. कच्च्या फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधायचा, आणि चेहऱ्यावर कायम हसू? विभावरी देशपांडेंनी काम गोड केलंय, पण एखादा प्रसंग तरी तिच्या चिडण्याचा हवा होता.

परतीच्या एसटीत आजी बराच वेळ गप्प होती. धरणगाव गेल्यावर म्हणाली, “बायको चांगली भेटनी, म्हनीसन निभनं त्यानं.” आजोबांचं नाव तिनं घेतलं नाही.