वहाण पायातली की पाण्यातली?

लग्नानंतर साताऱ्याहून बडोद्याला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे: "शेजारच्या काकू सांगतात, त्यांचा भाऊ कच्छ-मांडवीला 'वहाण' बांधायच्या कामावर आहे. माझ्या डोळ्यांसमोर चप्पलच येते. आपलाच शब्द तिकडे गेला का? आणि समुद्रातून माल नेणाऱ्या बोटीला मराठीत नेमकं काय म्हणायचं: जहाज, गलबत की तारू?"

ताई, बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या आम्हा पोरांची हीच फजिती व्हायची. शाळेत गुजरातीच्या धड्यात वहाण बुडालं, तेव्हा एका चपलेसाठी एवढी रडारड कशाला, असं मी घरी येऊन विचारलं होतं.

शब्द कुणी कुणाकडून घेतलेला नाही. दोन वेगळे शब्द झिजून झिजून एकसारखे झालेत. आपली वहाण संस्कृत 'उपानह्'ची. प्राकृतात 'उवाहणा' झालं, पुढे आद्य 'उ' गळाला. गुजरातीतलं वहाण 'वह्' धातूचं, म्हणजे आपल्या वाहन, वाहतूक, वाहणे यांचं सख्खं भावंड. लिंगावरूनही ओळखता येतं. आपली 'ती' वहाण, त्यांचं 'ते' वहाण. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण गुजराती शेजाऱ्याला शब्दशः सांगायला जाऊ नका, बिचारा गोंधळेल.

काकूंच्या भावाचं वहाण म्हणजे लाकडी. मांडवीला रुक्मावती नदीच्या काठावर ती अजूनही बांधतात. पोलादी बोटीला गुजरातीत आगबोट किंवा स्टीमर म्हणायची रीत. आगबोट तर आपल्याकडेही होती. अर्धी आपली, अर्धी इंग्रजांची.

आता मराठीकडे. 'जहाज' अरबीतून आलं. तिथे त्याचा अर्थ सामानसुमान, तयारी; नवरीबरोबर द्यायचं सामानही त्यातच. त्याच मुळाचं 'जहेज' हिंदीत 'दहेज' झालं. म्हणजे हुंडा आणि जहाज एकाच घरचे! (भरूचजवळच्या दहेज बंदराशी हे जोडू नका.) 'गुराब'ही अरबीच, मूळ अर्थ कावळा. पण ती लढाऊ. मालासाठी कोकणात शिबाड, पडाव, मचवा, फत्तेमारी अशी नावं चालत. मंगळुरी कौलं फत्तेमारीतून मुंबईला यायची. गुराबेपासून फत्तेमारीपर्यंत प्रत्येक नाव शिडाच्या बोटीचं आहे, गलबतही त्यातलंच, हे विसरायचं नाही. म्हणून कंटेनरांनी लादलेल्या बोटीला कुणी 'गलबत' लिहिलं की मला खटकतं. 'तारू' कवितेला आणि 'तारू किनाऱ्याला लागलं' म्हणायला ठेवा.

शिडाच्या बोटींची नावं घडणीवरून ओळखायची. आजच्या बोटींची नावं पोटात काय आहे त्यावरून. कोळसा, धान्य, खनिज थेट पोटात ओततात ती बल्क करिअर. मी तिला 'सुट्या मालाचं जहाज' म्हणतो. टँकर म्हटलं की आपल्याला उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर आठवतो, तेव्हा 'तेलवाहू जहाज' बरं. नैसर्गिक गॅस उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रव केला की त्याचा आकार सुमारे 600 पटींनी घटतो. असा द्रव घेऊन दहेजला येतात ती वायुवाहू. कंटेनरला मात्र मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाच्या 'आयडियल एक्स' जहाजानं नेवार्कहून ह्यूस्टनला 58 पेटारे नेले, तिथून ही पद्धत रुळली आणि शब्दही पेटाऱ्यासोबत जगभर गेला. 'कंटेनर जहाज' सगळ्यांना कळतं. हजिऱ्याहून घोघ्याला जाताना ट्रक चालवतच आत नेतात आणि पलीकडे चालवतच बाहेर काढतात, ती 'रो-रो'. लहान मुलांना ते नाव फार आवडतं.

एकूणात 'मालवाहू जहाज' लिहा, बोलताना 'मालाची बोट' म्हणा. बडोद्यात 'वहाण'ही चालेल, फक्त लाकडी असेल तर.

जाता जाता, कच्छच्या मांडवीचं नाव ऐकून तुम्हाला आपली बडोद्याच्या चार दरवाजांमधली मांडवी आठवली असेल. मराठीत 'मांडवी' म्हणजे जकातीची जागा. मुंबईतही गोदीजवळ मांडवी आहे. आपल्या मांडवीजवळ समुद्र नाही, पण बाजार आहे. तिथे वहाण मिळेल, स्त्रीलिंगी.