कथेचा दुसरा खर्डा करताना

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी खाडीकाठची कथा वाचली. माणसे तुझ्या नित्य ओळखीची आहेत आणि त्यांच्याविषयीची तुझी माया खरी आहे. म्हणूनच काही गोष्टी स्पष्ट सांगाव्याशा वाटतात.

कथा धूसर होते ती बहुधा शब्द अपुरे पडल्यामुळे नव्हे, तर लिहिणाऱ्याने प्रसंग पुरता पाहिलेला नसल्यामुळे. तुझी नायिका पौर्णिमेच्या मध्यरात्री उघड्या पडलेल्या वाळूवरून खाडी ओलांडते. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा बारा वाजता तिथे उधाणाचे पाणी असणार. ओहोटी हवी असेल तर प्रसंग पहाटे साडेपाचला ने. मग तिला जाताना कोणी पाहील का, हा प्रश्न उभा राहील आणि प्रसंगाला आपोआप ताण येईल. तिचा नवराही जुलैत ट्रॉलरवर जातो, पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तो बंदी मोडून गेला असेल, तर एवढी निकड कशाची होती? मला वाटते, तुझी खरी कथा तिथेच दडलेली आहे.

'तिच्या मनात दुःखाचा महासागर उसळला' हे वाक्य काढून टाक. बातमी येते तेव्हा ती विळीवर बांगडे कापत बसली आहे, हे तूच आधी लिहिले आहेस. तिचा हात थांबू दे, आणि मग धुऊन ठेवलेला बांगडा ती पुन्हा धुऊ लागली, एवढेच लिही. त्यापुढे एकही विशेषण नको.

सासू एकदा 'खंय गेल्लंस?' म्हणते आणि पुढच्याच पानावर 'एवढा विलंब का केलास?' असे विचारते. निवेदन प्रमाण मराठीत असू दे, पण सासूच्या तोंडची मालवणी शेवटपर्यंत सांभाळ; मालवणी बोलणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाकडून ती तपासून घे.

सुरुवातीचे माडांचे आणि सूर्यास्ताचे वर्णन गाळले तरी चालेल. नवा खर्डा मोठ्याने वाच, जिथे श्वास अडेल ते वाक्य मोडून दोन कर, आणि मग मला पाठव.